मूळ आवाजातलं पॅरिस

पॅरिसमध्ये नवा सिनेमा शुक्रवारी नव्हे, बुधवारी लागतो. त्याच सकाळी पेपरच्या टपऱ्यांवर ‘लॉफिसिएल दे स्पेक्ताक्ल’ नावाचं, कोटाच्या खिशात मावेल एवढं साप्ताहिक येतं. शहरातल्या थिएटरांचं आठवड्याचं वेळापत्रक त्यात बारीक टायपात छापलेलं असतं. फोनवर ही माहिती मिळते, पण फोनवर आपण ठाऊक असलेलंच नाव शोधतो. या पुस्तिकेची पानं उलटताना एकाच रकान्यात जपानच्या ओझूचा जुना कृष्णधवल चित्रपट दिसतो, त्याखाली इराणचा नवा, आणि ठरवलेला बेत तिथेच बदलतो.

चित्रपटाच्या नावापुढे दोन अक्षरं असतात, व्हीओ किंवा व्हीएफ. व्हीओ म्हणजे मूळ भाषेत, खाली फ्रेंच उपशीर्षकं. व्हीएफ म्हणजे फ्रेंचमध्ये डब केलेला. फ्रान्सच्या लहान गावांत आणि मोठ्या मल्टिप्लेक्समध्ये डबिंग पुष्कळ चालतं. पॅरिसच्या स्वतंत्र थिएटरांत मात्र व्हीओचं राज्य आहे. पडद्यावरचा कोरियन माणूस कोरियनच बोलतो, पोर्तुगीज बाई पोर्तुगीजमध्येच भांडते. मला या शहराचं खरं अप्रूप वाटतं ते याचं. एका संध्याकाळी चालत जाता येईल एवढ्या टापूत जगभरच्या भाषा ऐकू येतात, आणि मेट्रोची चार स्टेशनं ओलांडली की त्याच भाषा बोलणाऱ्यांच्या हातचं जेवायला मिळतं. सिनेमे इथे आले त्यामागे फ्रेंचांचं कलाप्रेम होतं. माणसं आणि त्यांची स्वयंपाकघरं आली ती वसाहती, युद्धं आणि पोटापाण्याच्या शोधापायी. पण दोघं राहिली एकाच शहरात. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेले तेव्हा मी बेत तसाच आखला: आधी एखाद्या मुलखाचा सिनेमा, मग त्याच मुलखाचं ताट.

माझ्या मामेबहिणीचा मुलगा तिथे वास्तुशास्त्र शिकतो. ‘मावशी, म्युझियमं सकाळी उरक. संध्याकाळी मी सांगेन तिथे ये,’ असं त्याने विमानतळावरच सांगितलं. पुढचं बरंचसं त्याच्या पायांनी पाहिलेलं आहे.

सुरुवात लॅटिन क्वार्टरपासून. सोर्बोन विद्यापीठाजवळ रू शांपोल्यों ही गल्ली आहे. इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा करणाऱ्या विद्वानाचं नाव तिला दिलेलं आहे. दोन मोटारी समोरासमोर आल्या तर अडतील एवढीच रुंदी, आणि तेवढ्यात तीन थिएटरं: ल शांपो, रफ्ले मेदिसीस आणि फिल्मोतेक. फिल्मोतेकच्या एका लाल सभागृहाचं नाव मॅरिलिन, दुसऱ्या निळ्याचं ऑड्री. कोपऱ्यावरचं शांपो १९३८ सालचं. फ्रांस्वा त्रुफो आणि क्लोद शाब्रोल यांच्यासारखी मंडळी तरुणपणी इथल्या खुर्च्यांत बसून सिनेमा शिकली. त्याच्या मोठ्या सभागृहात एक तांत्रिक नवल आहे. प्रोजेक्टर नेहमीसारखा समोरासमोर बसवायला जागाच नव्हती, त्यामुळे प्रकाशझोत पाणबुडीच्या पेरिस्कोपप्रमाणे आरशांवरून वळवून पडद्यावर नेतात. प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मी मात्र चित्रपट सुरू झाल्यावरही थोडा वेळ मान वळवून तो झोत शोधत होते.

याच शांपोत अधूनमधून अख्ख्या रात्रीचा कार्यक्रम होतो. मध्यरात्री सुरू करायचं, ओळीने तीन चित्रपट पाहायचे आणि पहाटे थिएटरनेच दिलेली न्याहारी करून बाहेर पडायचं. आम्ही गेलो त्या रात्री प्रेक्षकांत विद्यार्थी जास्त, पण पांढऱ्या केसांची जोडपीही होती. तिसऱ्या चित्रपटाच्या मध्यावर काही जण खुर्चीतच झोपले आणि त्यांना कोणी उठवलं नाही. बाहेर आलो तेव्हा रू दे झेकोलवर झाडूवाले रस्ता धूत होते. कागदी पेल्यातली साधी कॉफी आणि क्रोआसाँ हातात घेऊन सगळे फुटपाथवर उभे राहून चित्रपटांवर बोलत होते. पॅरिसमध्ये मी याहून महाग न्याहारी केली आहे, याहून चांगली नाही.

इथल्या थिएटरांचे काही रिवाज नव्या माणसाने आधीच जाणून घ्यावेत. मध्यंतर नसतं. स्वतंत्र थिएटरांत बहुधा खुर्च्यांना क्रमांक नसतात, आधी येईल त्याने हवी ती घ्यावी. पॉपकॉर्नचा वास बहुतेक ठिकाणी येत नाही, कारण ते विकतच नाहीत. तिकीट साधारण ८ ते १० युरोंना पडतं, विद्यार्थी आणि ज्येष्ठांना कमी. शेवटची नावं पडद्यावर सरकत असताना पुष्कळ लोक बसून राहतात, मधूनच उठून इतरांच्या डोळ्यांसमोरून गेलेलं आवडत नाही. फ्रेंच येत नसेल तर एक अडचण उभी राहते: जपानी चित्रपटाला उपशीर्षकं फ्रेंचच असणार. अशा वेळी इंग्रजी बोलपट निवडावा, नाहीतर मूकपट. आणि फ्रेंच चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवणारा ‘लॉस्ट इन फ्रेंचलेशन’ नावाचा उपक्रम आहे. त्याचे खेळ वेगवेगळ्या स्वतंत्र थिएटरांत होतात, आधी बहुधा पेयपान असतं आणि परदेशी माणसाच्या तिथे ओळखी होतात.

व्हीओचा हा पायंडा पडला त्याची एक जागा दाखवता येते. रू शांपोल्योंपासून दोन वळणांवर पाँतेआँ नावाचं थिएटर आहे, १९०७ सालचं. १९३० मध्ये पिएर ब्राँबेर्जे या निर्मात्यांनी ते घेतलं. बोलपट नुकते आले होते आणि परदेशी बोलपट कसे दाखवायचे हा प्रश्न सगळ्या युरोपला पडला होता. ब्राँबेर्जे यांनी ते मूळ भाषेत दाखवायला सुरुवात केली. पुढे याच माणसाने गोदार आणि त्रुफो यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांना पैसा पुरवला. आज थिएटरच्या वरच्या मजल्यावर एक बैठकीची खोली आहे, तिची सजावट काथरीन दनव्ह यांच्या मदतीने झाली. जुने सोफे, पुस्तकं, मंद दिवे. तिथे बसून चहा आणि लिंबाचा टार्ट घेतला, पण जेवणाच्या बाबतीत लॅटिन क्वार्टरने माझी निराशा केली. जवळच्या रू द ला ह्युशेत गल्लीत ग्रीक सँडविचवाले आणि फोंद्यूवाले दारात उभे राहून पर्यटकांना हाका मारतात. तिथे थांबू नये.

हे सगळं टिकलं कसं, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता. या शहरात आजही चारशेच्या आसपास पडदे आहेत, आणि शंभर खुर्च्यांच्या सभागृहात मंगळवारी दुपारी दोन वाजता बर्गमनचा चित्रपट लावून कोणाचं घर चालणार? उत्तर तिकिटात आहे. फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सिनेमा तिकिटातून १०.७२ टक्के रक्कम सेएनसे या राष्ट्रीय चित्रपट संस्थेकडे जाते. संस्था १९४६ साली स्थापन झाली आणि तिकिटांवरची ही वसुली त्यानंतर थोड्याच काळात सुरू झाली. हॉलिवूडच्या महानायकांचा चित्रपट लाखो लोक पाहतात, त्यातलाही एवढा हिस्सा या निधीत पडतो, आणि तोच निधी नव्या फ्रेंच चित्रपटांना, परदेशी दिग्दर्शकांबरोबरच्या सहनिर्मितीला आणि थिएटरांच्या दुरुस्तीला वापरला जातो. गर्दीच्या चित्रपटाने एकांड्या चित्रपटाला पोसायचं, अशी ही रचना आहे. शिवाय ‘आर ए एसे’ नावाची वर्गवारी आहे. जी थिएटरं ठरावीक प्रमाणात वेगळे, प्रयोगशील किंवा जुने अभिजात चित्रपट दाखवतात त्यांना ती मिळते आणि तिच्याबरोबर अनुदान मिळतं. अशी हजाराहून अधिक थिएटरं देशभर आहेत.

प्रेक्षकही असाच जाणीवपूर्वक घडवतात. पाँतेआँच्या दक्षिणेला स्त्यूदियो देझुर्स्युलीन आहे, १९२६ साली उघडलेलं, त्या काळच्या प्रायोगिक चित्रपटांचं घर. आता तिथे मुख्यतः मुलांचे चित्रपट दाखवतात. एका सकाळी दारासमोर सहा-सात वर्षांची मुलं दोन-दोनच्या जोडीने हात धरून उभी होती आणि दोघी शिक्षिका त्यांना मोजत होत्या. १९९४ पासून ‘शाळा आणि सिनेमा’ नावाची योजना चालते. तिच्यात मुलांना वर्षातून काही वेळा शाळेच्या वेळात खऱ्या थिएटरात नेतात आणि नंतर वर्गात त्या चित्रपटावर बोलतात. सात वर्षांच्या वयात ज्याने चॅप्लिन मोठ्या पडद्यावर पाहिला, तो तिशीत तिकीट काढून ओझूला येतो. आपल्याकडे मराठी चित्रपटाला सरकारी अनुदान मिळतं, ते निर्मात्याला. चित्रपट पोहोचणार ते थिएटर आणि तो पाहणारा मुलगा या दोघांचा विचार त्यात नाही. फिल्म सोसायट्यांनी तो विचार केला. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करत आलं आहे. त्याच १९६८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये सरकारने आँरी लांग्वा यांना सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयातून काढून टाकलं होतं. जगभरचे चित्रपट जपून ठेवणाऱ्या या माणसासाठी दिग्दर्शक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आणि एप्रिलमध्ये त्यांना परत आणलं. जुन्या रिळांसाठी लाठ्या खाणारी माणसं ज्या शहरात होती, तिथे तिकिटातला कर कोणाला जड वाटणार नाही.

बुलव्हार दे काप्युसीनवर १४ क्रमांकाच्या इमारतीसमोरही मी जाऊन उभी राहिले. २८ डिसेंबर १८९५ ला इथल्या ग्रां काफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला. एक फ्रँक तिकीट, ३३ प्रेक्षक. म्हणजे सिनेमा पहिल्यांदा लागला तोच कॉफीच्या दुकानाखाली. पुढच्या वर्षी ७ जुलैला ल्युमिएरांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. त्या चित्रांनी भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. पॅरिसचं तळघर आणि मलबार हिलची कुस्ती यांत चार वर्षांचंही अंतर नाही.

आता उत्तरेकडे जाऊ. मेट्रोच्या दोन क्रमांकाच्या मार्गावर बार्बेस स्टेशन आहे. तिथे गाडी जमिनीवरून, लोखंडी खांबांवरच्या पुलावरून धावते, आणि बुधवार-शनिवारी सकाळी त्या पुलाखाली बाजार भरतो. पुदिन्याच्या जुड्या, हरभऱ्याची पोती, खजूर, मेंढीचं मटण, अरबी आणि फ्रेंच दोन्हीत एकाच दमात दिलेल्या आरोळ्या. चौकात लुक्सोर थिएटर उभं आहे. १९२१ सालची इजिप्शियन देवळाच्या थाटाची इमारत, दर्शनी भागावर रंगीत मोझेकमधली कमळं आणि पंख असलेलं सूर्यबिंब. अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियातून कामगार या वस्तीत राहायला आले तसं लुक्सोर त्यांचं झालं. सत्तरच्या दशकात इथे इजिप्तचे आणि आपले हिंदी चित्रपट लागत. हिंदी गाण्यांवर टाळ्या वाजवणारा तो प्रेक्षक भारतीय नव्हता, उत्तर आफ्रिकेचा होता. १९८३ मध्ये थिएटर बंद पडलं, मग तिथे डिस्को आला, मग तोही गेला. स्थानिक रहिवाशांनी लावून धरल्यावर २००३ मध्ये पॅरिस महापालिकेने इमारत विकत घेतली, जुने रंग खरवडून शोधले आणि २०१३ मध्ये थिएटर पुन्हा उघडलं. मोठ्या सभागृहाला युसुफ शाहीन या इजिप्शियन दिग्दर्शकाचं नाव दिलं आहे. वरच्या मजल्यावरच्या बारच्या गच्चीतून माँमार्त्रचं पांढरं चर्च दिसतं आणि खालून मेट्रोचा खडखडाट येतो. मध्यंतर नसलं तरी चित्रपटाआधी अर्धा तास तिथे काढावाच.

या वस्तीत कुसकुस खायचं तर आधी अब्देलातिफ केशिश यांचा २००७ चा ‘ला ग्रेन ए ल म्युले’ पाहिलेला असावा. गोदीतून काढून टाकलेला म्हातारा ट्युनिशियन कामगार जुन्या जहाजावर माशाच्या कुसकुसचं हॉटेल काढायला निघतो, आणि उद्घाटनाच्या रात्री कुसकुसचं पातेलंच सापडत नाही. त्या चित्रपटातला रविवारच्या जेवणाचा प्रसंग कॅमेरा इतका जवळून घेतो की माणसांच्या तोंडातले घास दिसतात. पाहुणचारात प्रेम असतं, भांडण असतं आणि लपवलेली दुःखंही असतात, हे एवढ्या जवळून मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही. कुसकुसच्या रव्याचे बारीक कण खरं तर उकडत नाहीत, भाज्यांच्या रश्शाच्या वाफेवर शिजवतात, मधे काढून हाताने मोकळे करतात आणि पुन्हा वाफेला लावतात. वर गाजर, सलगम, दुधी, हरभरे आणि वेगळ्या वाटीत लाल मिरचीची हारिसा. ज्यांना मांस चालत नाही त्यांनी नुसत्या भाज्यांचा कुसकुस मागावा, सगळीकडे मिळतो.

बार्बेसहून दहा मिनिटं चाललं की शातो रूझ. इथे भाषा बदलतात, वोलोफ आणि बांबारा कानावर पडतात, दुकानांत भेंडी, रताळ्याचा पाला, कच्ची केळी आणि सुकवलेली मासळी. एका लहानशा सेनेगली खाणावळीत आम्ही माफे घेतलं. शेंगदाण्याच्या कुटाचा दाट रस्सा, त्यात रताळं आणि कोबी, सोबत भात. आपल्या उपवासाच्या दाण्याच्या आमटीला कांदा-टोमॅटो आणि तिखट घातलं तर जे होईल, त्याच्या फार जवळचं. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांतून दोन्हीकडे पोहोचला. सेनेगलमध्ये फ्रेंचांनी तेलासाठी त्याची प्रचंड लागवड करवली आणि तो तिथल्या रोजच्या पातेल्यात शिरला. प्यायला बिसाप होतं, लाल अंबाडीच्या बोंडांचं थंड, आंबटगोड सरबत. आदल्या दिवशी उस्मान सेम्बेन यांचा १९६६ चा ‘ला न्वार द…’ पाहिला होता. डाकारहून फ्रान्सला एका फ्रेंच कुटुंबाकडे आलेली दियुआना ही तरुणी मुलं सांभाळायची समजून येते आणि दिवसभर भांडी, फरशी आणि स्वयंपाक यांत अडकते. पाहुणे येणार म्हणून मालकीण तिला आफ्रिकी पद्धतीचा भात रांधायला लावते. खाताना पाहुणे तिच्यासमोर तिच्याबद्दलच बोलतात, ती जणू तिथे नाहीच. ते डोक्यात ताजं असताना त्या खाणावळीतल्या बाईंनी आमच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला आणि कसं झालंय ते विचारलं. आम्ही त्यांचं जेवण त्यांच्याच जागेत, त्यांच्याच अटींवर जेवत होतो, ही गोष्ट मला त्या क्षणी मोठी वाटली.

ला शापेल तिथून जवळच आहे. १९८३ नंतर श्रीलंकेतल्या यादवीतून निसटलेले तमिळ लोक इथे स्थिरावले आणि वस्तीला ‘लिटल जाफना’ हे नाव पडलं. साड्या, पितळेच्या समया, गजरे, आणि कोत्तु रोटीचा तो आवाज. तव्यावरचा पराठा दोन लोखंडी पात्यांनी तालात कापत भाजी, अंडं किंवा मटणाबरोबर परततात, त्याचा ठेका फुटपाथपर्यंत ऐकू येतो. या वस्तीचं एक गणपतीचं देऊळ आहे. उन्हाळा संपताना त्याचा रथ निघतो आणि रस्त्यावर नारळांचे ढीग फोडतात. जाक ओद्यार यांच्या ‘धीपन’ला २०१५ मध्ये कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो याच लोकांवरचा चित्रपट. खोट्या पासपोर्टवर एकत्र आलेले तीन अनोळखी जीव नवरा, बायको आणि मुलगी असल्याचं भासवत पॅरिसच्या उपनगरात राहू लागतात. प्रमुख भूमिकेतले जेसुदासन अँथनीदासन हे स्वतः तरुणपणी तमिळ वाघांच्या (एलटीटीई) संघटनेत होते. फ्रान्समध्ये निर्वासित म्हणून आले आणि शोभाशक्ती या नावाने तमिळमध्ये लिहितात. फ्रेंच दिग्दर्शकाचा, फ्रान्समध्ये घडणारा चित्रपट, आणि बहुतेक संवाद तमिळ. फ्रेंच प्रेक्षकाने तो उपशीर्षकं वाचत पाहिला. व्हीओची सवय असलेल्या प्रेक्षकालाच हे जमतं.

दक्षिण टोकाला, तेराव्या विभागात, १९७५ नंतर व्हिएतनाम आणि कंबोडियातून आलेल्यांनी उंच इमारतींखाली दुसरं गाव वसवलं. अव्हेन्यू द शुआझीवर फोची दुकानं ओळीने आहेत. तासन् तास उकळलेला चक्रीफूल-दालचिनीचा रस्सा, तांदळाच्या शेवया, आणि शेजारच्या ताटलीत रानतुळशीसारखी पानं, मोड आलेले मूग, लिंबाची फोड. शेवटी ‘चे बा माऊ’, राजमा, मुगाचा लगदा, हिरवी जेली आणि नारळाचं दूध थरांनी भरलेला उंच पेला. लहानपणी व्हिएतनाम सोडून फ्रान्सला आलेले त्रान आन हुंग हे या मुलखाचे सर्वांत मोठे दिग्दर्शक. १९९३ च्या ‘हिरव्या पपईचा गंध’ या त्यांच्या चित्रपटातलं सायगॉनचं घर, अंगण, पाऊस, बेडूक, कापलेल्या पपईतून ओघळणारा चीक, हे सगळं पॅरिसजवळच्या स्टुडिओत उभं केलेलं आहे. स्वयंपाक करणाऱ्या हातांकडे इतक्या आदराने पाहणारा कॅमेरा विरळा. तीस वर्षांनी त्यांनीच जुन्या फ्रेंच स्वयंपाकघरावर चित्रपट केला आणि २०२३ मध्ये कानला उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळवला. फ्रान्सच्या पाककलेवरचा अलीकडचा सर्वांत सुंदर चित्रपट व्हिएतनाममधून आलेल्या माणसाने केला, हे पॅरिसला शोभणारं आहे.

माँमार्त्रचं स्टुडिओ २८ मी मुद्दाम शेवटच्या दिवसांसाठी ठेवलं होतं. १९२८ मध्ये उघडलेलं, म्हणून नावात २८. १९३० च्या डिसेंबरात बुन्युएलचा ‘लाज दॉर’ चालू असताना उजव्या संघटनांच्या लोकांनी पडद्यावर शाई फेकली, बाहेर मांडलेली दाली, मिरो, मॅक्स अर्न्स्ट यांची चित्रं फाडली, आणि सरकारने शिक्षा केली ती चित्रपटाला. बंदी उठायला १९८१ उजाडलं. आज त्याच सभागृहात झाँ कॉक्तोंनी आखलेले दिवे मंद जळतात आणि मागच्या छोट्या बागेत वाइनचा पेला घेऊन बसता येतं. थिएटर आजही स्वतंत्र आहे.

पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ त्याच ऑक्टोबरात फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या दिग्दर्शिकेने मे महिन्यात कानमध्ये ग्रां प्री मिळवलं होतं, आणि चित्रपटामागे सेएनसेच्याच व्यवस्थेत वाढलेल्या एका छोट्या फ्रेंच संस्थेचा हात होता. लॅटिन क्वार्टरमधल्या लहानशा सभागृहात आम्ही तो पाहिला. सुरुवातीला कॅमेरा मुंबईच्या रात्रीच्या बाजारातून आणि लोकलमधून फिरतो आणि निरनिराळ्या भाषांतले आवाज या शहराबद्दल बोलत राहतात. छाया कदम यांची पार्वती इस्पितळात स्वयंपाक करते, गिरणगावातली खोली सुटल्यावर रत्नागिरीला परतते. सगळं सभागृह फ्रेंच उपशीर्षकं वाचत होतं आणि मराठी-हिंदी संवादांपुरतं तरी आम्ही दोघं पडद्याच्या तळाशी न पाहता ऐकत होतो. समुद्रकाठच्या शेवटच्या प्रसंगानंतर माझ्या शेजारच्या वृद्ध बाईंनी रत्नागिरी कुठे आहे ते विचारलं. भाच्याने तिकिटाच्या पाठीवर किनारा काढून दाखवला.

शेवटचा पत्ता ला क्ले. १९७३ पासूनचं, रू दोबाँतोंवरचं हे थिएटर आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेच्या चित्रपटांसाठी ओळखलं जाई. २०१८ मध्ये ते बंद झालं. २०१९ च्या सप्टेंबरात विद्यार्थी, चित्रपट करणारे आणि आसपासचे रहिवासी कुलूप उघडून आत शिरले आणि रोज खेळ करू लागले. तिकीट ज्याला जमेल तेवढं. टाळेबंदीत त्यांनी बाहेरच्या भिंतीवर चित्रपट दाखवले. २०२२ च्या मार्चमध्ये पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. तरी मंडळी पांगली नाहीत, त्यांनी निधी उभारला आणि २०२४ मध्ये इमारत विकत घेतली. मदत करणाऱ्यांत मार्टिन स्कॉर्सेसीसारखे दिग्दर्शक होते आणि भाच्यासारखे विद्यार्थीही. पुन्हा कोणी ती नफ्यासाठी विकू नये अशा बेताने मालकी एका निधीकडे ठेवली आहे.

आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं, आत दुरुस्ती व्हायची होती. म्हणून पलीकडच्या मोठ्या मशिदीच्या चहाघरात बसलो. १९२६ साली पूर्ण झालेली ही मशीद पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या मुस्लिम सैनिकांच्या स्मरणार्थ बांधली. अंजिराच्या झाडाखाली निळ्या टाइलची टेबलं, लहान काचेच्या पेल्यातला कडक गोड पुदिन्याचा चहा आणि बदाम-मधाच्या वड्या. ला क्लेमध्ये कार्यक्रम कसा ठरतो ते भाच्याने तिथे सांगितलं: कोणीही चित्रपट सुचवायचा, सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि सुचवणाऱ्याने खेळाआधी उभं राहून तो का पाहावा ते सांगायचं. प्रोजेक्टर चालवायलाही तिथे एकमेकांना शिकवतात.

‘तू कुठला सुचवशील, मावशी?’

मी ‘संत तुकाराम’ म्हणाले. दामले-फत्तेलालांचा, १९३६ चा, दुसऱ्याच वर्षी व्हेनिसला गौरवलेला. विष्णुपंत पागनीसांचे अभंग ऐकवायचे तर व्हीओतच. आम्ही कागद काढून उपशीर्षकांची वाटणी केली: अभंगांचा अर्थ मी मराठीत फोडून लिहायचा, फ्रेंच त्याने करायचं, आणि त्याच्या कॉलेजातल्या एका फ्रेंच मुलीने ते तपासायचं. पहिले चार अभंग मी पुण्याला पोहोचल्यावर पाठवले. तुकारामांच्या बायकोच्या, आवलीच्या, शिव्या मात्र त्याने माझ्याकडून फोनवर समजून घेतल्या.